भोंगा म्हणजे हॉर्न नव्हे

प्रश्न : गेटवेहून मांडव्याला जाताना समोरच्या जहाजानं आमच्या लाँचकडे बघून पाच-सहा भोंगे दिले. 'बाजूला व्हा' म्हणत होतं का? (कोथरूड)

लक्ष्मी रोडवर गाडी चालवणाऱ्याला तसंच वाटणार! पण झटपट दिलेले पाच किंवा अधिक छोटे भोंगे म्हणजे 'तुमचा बेत मला कळेना' किंवा 'टक्कर टाळायला तुम्ही करताय ते पुरेसं दिसत नाही'. छोटा भोंगा साधारण 1 सेकंदाचा, लांब 4 ते 6 सेकंदांचा.

प्रश्न : तीन छोटे भोंगे म्हणजे जहाज मागे येतंय, बरोबर? (तळेगाव, कॅडेट)

तोंडी परीक्षेत इथेच मुलं घसरतात. एक छोटा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे माझं इंजिन उलटं चाललंय, एवढंच. माल भरलेलं जहाज इंजिन उलटं फिरवल्यावरही बराच वेळ पुढेच सरकत राहतं. तीन ऐकून त्याच्या नाकासमोरून जाल तर फसाल. हे भोंगे जहाजं एकमेकांना दिसत असतानाच द्यायचे, आणि त्यात परवानगी मागणं नसतं, मी काय करतोय ते सांगणं असतं.

परवानगी लागते ती अरुंद खाडीत, पुढच्यानं वाट दिल्याशिवाय ओलांडता येत नसेल तेव्हा. दोन लांब, एक छोटा : तुमच्या उजवीकडून जाऊ का? शेवटी दोन छोटे असतील, तर डावीकडून. कबूल असेल तर पुढचा लांब-छोटा-लांब-छोटा असं उत्तर देतो. शंका असेल तर वरचे पाच आहेतच.

प्रश्न : धुक्यात काय? (सिंहगड रस्ता)

इंजिनावर चालणारं जहाज जास्तीत जास्त दर 2 मिनिटांनी एक लांब भोंगा देतं. नांगर टाकलेला नसून पाण्यात थांबलेलं असेल तर दोन. शिडाचं किंवा मासेमारीत गुंतलेलं : एक लांब, दोन छोटे. नांगरलेलं दर मिनिटाला 5 सेकंद घंटा वाजवतं. मात्र आवाज डावीकडून आला म्हणून जहाज डावीकडेच आहे असं धरू नका. धुक्यात कान हमखास फसवतो, मीही फसलोय.

प्रश्न : खडकवासल्यातल्या माझ्या छोट्या शिडाच्या होडीला भोंगा लागेल?

हे भोंगे ज्यात ठरवलेत ते जहाजांची टक्कर टाळण्याचे 1972चे आंतरराष्ट्रीय नियम समुद्राला आणि समुद्री जहाजं शिरू शकतील अशा त्याला जोडलेल्या पाण्याला लागू. धरण त्यात बसत नाही. समुद्रातही 12 मीटरपेक्षा लहान होडीला भोंग्याची सक्ती नाही, पण चांगला ऐकू जाईल असा आवाज करायचं काहीतरी साधन हवंच. गळ्यात एक शिट्टी अडकवा.