पद्मिनीच्या पोटाखाली वेल्ड मारण्याआधी

प्रीमियर पद्मिनी गाडीला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नसते, सगळा भार बॉडीच घेते. म्हणून पुढची-मागची रेल (बॉडीखालचे लांब पोकळ दांडे) जोडायला तू घरीच चॅनल बनवतोयस, ते बरंच आहे. पण गाडी मधोमध जॅकवर उचलून वेल्ड मारू नको की बे! बॉडी वाकलेली असेल तशीच कायमची पक्की होते. मी तेच केलं होतं. माझा मागचा दरवाजा आजही खांदा लावल्याशिवाय लागत नाही. चारही चाकांखाली भक्कम रॅम्प दे, वजन चाकांवरच राहू दे, आणि वेल्डच्या दर दोन-तीन टाक्यांनंतर दरवाजे उघडझाप करून बघ.

चॅनलसाठी ५० बाय ५० एमएमची, ३ एमएम जाडीची चौकोनी पाइप पुरते. एमआयडीसीत फॅब्रिकेटरकडून मापात कापून घे.

जुना पत्रा आधी स्क्रूड्रायव्हरने टोच. आत घुसला तर वेल्ड धरणार नाही, नुसतं भोक पडेल. तो तुकडा आधी बदल. वेल्डची सलग शिवण नको, इंचभर इथे, इंचभर तिथे.

बॅटरी सोड, पेट्रोलची टाकी उतरव, सीट-गालिचा बाहेर. ओलं गोणपाट हाताशी ठेव. (घरातली चादर नको, मी शिव्या खाल्ल्यात.) काम पहाटे उरक, उन्हाळ्यात दहानंतर पत्र्याखाली झोपवत नाही. पाइपला खालून पाणी निथळायला भोक ठेव.