तोंडाशी ब्रेक, मध्यात पेंग

प्रश्न : समृद्धी महामार्गावरून मुंबईकडे जाताना इगतपुरीच्या लांब बोगद्यात शिरता शिरता माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि आत काही वेळ गेला की डोळे जड होतात. हा दोष माझ्या साठीचा की बोगद्याचा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वयाचा वाटा थोडा आहेच, कारण उतारवयात डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला अधिक वेळ लागतो. मात्र आपल्या दोन तक्रारींची कारणे परस्परांच्या उलट आहेत : तोंडाशी मेंदूवर एकदम फार काम येऊन पडते आणि मध्यावर ते फारच कमी होते.

भर उन्हात बोगद्याचे तोंड काळ्या भोकासारखे दिसते, आणि नेमक्या त्याच क्षणी जवळ आलेली भिंत, अरुंद वाटणारी लेन आणि पुढच्या गाडीचा वेग हे सारे एकाच वेळी सांभाळावे लागते. म्हणूनच दिवसा सुरुवातीच्या टप्प्यातले दिवे सर्वांत प्रखर ठेवून पुढे उजेड टप्प्याटप्प्याने कमी करतात. दिव्यांमधले अंतरही महत्त्वाचे असते. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते. दर 3 मीटरवर दिवा असेल, तर डोळ्यांसमोर सेकंदाला सातेक वेळा उघडझाप होते. सेकंदाला साधारण 4 ते 11 उघडझापी बराच वेळ चालू राहिल्या, तर त्या त्रासदायक ठरतात.

पेंगेवरचा उपाय पाहायचा तर नॉर्वेतील लार्डाल बोगदा पाहावा. 2000 साली खुला झालेला हा 24.5 किलोमीटरचा बोगदा पार करायला सुमारे वीस मिनिटे लागतात. मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन त्यात तीन ठिकाणी प्रशस्त गुहा कोरल्या आहेत. तेथे वर निळा आणि कडेला खाली पिवळसर उजेड असल्याने पहाट झाल्याचा भास होतो. एका अखंड कंटाळ्याचे असे चार तुकडे पडतात. भिंतींवर चित्रे किंवा जाहिराती लावण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण चित्र वाचावे लागते, उजेड वाचावा लागत नाही.

आपण उन्हाचा चष्मा लावत असाल, तर तो तोंडाच्या बराच अलीकडे काढावा. ऐन तोंडाशी एक हात त्यात गुंतला, तर नको तिथे आणखी एक काम वाढते.