धपाटे सोडायचे नाहीत, मग वजन उतरणार कसं?

आहार समुपदेशनासाठी येणाऱ्या दहातल्या आठ-नऊ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो: "आवडीचं सगळं सोडावं लागेल का?" लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने तर बसण्याआधीच सांगून टाकलं, "मॅडम, धपाटे अन् शेंगाची चटणी सोडायला लावणार असताल तर आत्ताच सांगा, मी आल्या पावली परत जाते." त्यांची ओळख लपावी म्हणून काही तपशील बदलले आहेत. हिशेब मात्र तसाच ठेवला आहे, कारण त्यांच्यासारख्याच घरांत तो जसाच्या तसा लागू पडतो.

वय 41, उंची 157 सेंमी, वजन 78 किलो, कंबर 96 सेंमी. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) साधारण 31.6. भारतीयांसाठी 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर स्थूलता धरतात. बाईच्या कंबरेची मर्यादा 80 सेंमी. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आधी तपासून घेतलं. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, बाकी ठीक. हे आधी करायलाच हवं. थायरॉइड मंद असेल किंवा अंगात रक्त नसेल, तर थकवा येतो, चालणं होत नाही आणि माणूस स्वतःलाच आळशी म्हणत राहतो.

याआधी त्यांनी महिनाभर सूप आणि काकडी-टोमॅटोवर काढला होता. चार किलो उतरले, पुढच्या चार महिन्यांत सहा चढले. अशा पथ्यात पहिल्या आठवड्यात जे झपाट्याने उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (साठवून ठेवलेल्या साखरेच्या) साठ्यात दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं आणि भाकरी पुन्हा सुरू झाली की परत येतं. शिवाय प्रथिनं कमी पडल्याने स्नायूही झिजतात. पण सगळ्यात मोठं नुकसान मनाचं होतं. बंदी घातलेला पदार्थ समोर आला की माणूस तो घाईने, उभ्या-उभ्या आणि जास्तच खातो, मग "आज बिघडलंच आहे" म्हणून रात्रीपर्यंत खात राहतो. ताईंचे रविवार असेच जात होते.

पहिल्या भेटीत काहीच बंद केलं नाही. तीन दिवसांची नोंद लिहून आणायला सांगितली: दोन शाळेचे दिवस आणि एक रविवार. प्रत्येक घास लिहायचा, चहासुद्धा, मुलांच्या ताटात उरलेलंसुद्धा. तेल आणि साखर 5 मिलीच्या सपाट चमच्याने मोजायची. शेवटी प्रत्येक ओळीपुढे एक खूण करायची: हे आवडीनं खाल्लं, की समोर होतं म्हणून?

नोंद अशी निघाली. सकाळी चहा-बिस्किटं खाऊन घर सोडायचं, नाश्ता नाही. दीडला डबा. साडेपाचला घरी पोचेपर्यंत पोटात कावळे. मग पोळी होईपर्यंत दोन मुठी शेव-चिवडा, म्हणजे 50-60 ग्रॅम, जवळपास 300 कॅलरी. दिवसात पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. नुसती साखरच 180 ते 200 कॅलरीची. मुलांच्या ताटातली अर्धी पोळी आणि पातेल्यातला शेवटचा भात, 150 च्या आसपास. रात्री साडेनऊला जेवण: दोन भाकरी, भाजी, वर चटणी-तेल.

खुणा पाहून त्या स्वतःच थबकल्या. आवडीच्या खुणा होत्या फक्त पाच: सकाळचा पहिला चहा, धपाटे, शेंगाची चटणी, पिठलं-भाकरी आणि कधीतरी कुंथलगिरीचा पेढा. शाळेतले आणि कुणाच्या घरी नाही म्हणता न आलेले चहा, बिस्किटं, शेव-चिवडा, उरलंसुरलं, भाजीवरची तर्री, यांपुढे एकही आवडीची खूण नव्हती. पाचशे-सहाशे कॅलरी अशा जात होत्या, ज्यांची त्यांना चवही आठवत नव्हती. आमच्या मते कात्री लावायची ती इथे. आवडीच्या पदार्थाला पहिला हात घालणं ही वजन कमी करण्यातली सर्वात महागडी चूक आहे, कारण ते पथ्य टिकत नाही.

सुरुवात तेलापासून केली. घरात माणसं चार, महिन्याला पाच लिटरचा कॅन. हिशेब केला तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल, म्हणजे 340 कॅलरी, आणि त्यात दाण्याच्या कुटातलं तेल धरलेलंच नाही. रोज सकाळी एका वाटीत 16 चमचे (80 मिली) तेल काढून ठेवायचं आणि दिवसभराचा स्वयंपाक त्यातच करायचा, असं ठरलं. महिन्याला अडीच लिटरच्या आत बसतं आणि माणशी रोज 170 कॅलरी वाचतात. कॅनमधून थेट कढईत ओतलं की अंदाज हमखास चुकतो.

पहिल्या आठवड्यात भाजी करपली, घरातल्या आत्याबाईंनी "बेचव झालंय" म्हणून वाटी बाजूला सारली. कारण साधं होतं. तेल निम्मं केलं, पण आच तीच मोठी ठेवली. तेल कमी असेल तेव्हा कढई आधी नीट तापवायची, फोडणी झाली की आच मध्यम करायची, कांद्यावर लगेच मीठ टाकून झाकण ठेवायचं. कांद्याचं पाणी सुटतं आणि तो त्यातच शिजतो. खाली लागायला लागलं की दोन चमचे गरम पाणी, तेल नाही. येसर आमटीला तर दाटपणा येतो तो येसरातल्या भाजलेल्या धान्या-डाळींमुळे. वर तेलाचा थर नसला तरी तिचं काही बिघडत नाही. आत्याबाईंच्या वाटीत वरून अर्धा चमचा कच्चं तेल टाकायची मुभा ठेवली. घरातल्या मोठ्या माणसाशी रोज भांडून कुठलाही आहार टिकत नाही.

भाकरीचं पीठ एकदाच काट्यावर मोजायला सांगितलं. एका भाकरीला 90 ग्रॅम निघालं, म्हणजे सुमारे 300 कॅलरी. दोन भाकरींच्या 600. भाकरी दोनच ठेवल्या, पीठ 60 ग्रॅमवर आणलं. रोजचे 200 कॅलरी कमी झाले आणि ताटात दोन भाकरी दिसत राहिल्या. हे दिसणं महत्त्वाचं आहे. "एकच भाकरी घे" म्हटलं की मन उपाशी राहतं. ज्वारीने वजन वाढत नाही म्हणून कितीही खावी, हा समजही इथेच सोडावा. कॅलरीच्या हिशेबात ज्वारी आणि गहू जवळपास सारखे. ज्वारीचा फायदा असा, की भाकरी चावून सावकाश खावी लागते, वर तेल लागत नाही, आणि सोबत वरण-भाजी जास्त जाते.

भूक आवरायला प्रथिनं लागतात, आणि त्यांच्या दिवसात ती 40 ग्रॅमच्या आसपास होती, हवी होती 60. मराठवाड्यात यासाठी पावडरचे डबे विकत घ्यायची गरज नाही. रोज एक वाटी घट्ट वरण किंवा मोडाच्या मटकीची उसळ, एक वाटी दही, आठवड्यातून चार दिवस दोन अंडी (13 ग्रॅम प्रथिनं) आणि उरलेल्या दिवशी 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (तेवढीच). सोयाबीन दळणात घालायचं तर किलोभर ज्वारीला 100 ग्रॅम पुरे, आणि ते खरपूस भाजूनच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, शिवाय वास येतो. सकाळी निघण्याआधी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ), वरून डाळव्याचं पीठ आणि सोबत दही. साडेचारला शाळेतच मूठभर (30 ग्रॅम) फुटाणे आणि ताक किंवा पेरू. त्या फुटाण्यांनी साडेपाचची शेव आपोआप सुटली. घरी पोचताना पोट आगीत असेल, तर निर्धाराचा काही उपयोग नसतो.

आता धपाटे. आधी रविवारी चार व्हायचे. एकाला 70 ग्रॅम पीठ आणि तव्यावर भोकांत ओतलेलं तीन-चार चमचे तेल, म्हणजे एक धपाटा 390 च्या घरात, चार मिळून साडेपंधराशे. नवीन प्रमाण असं बसवलं: ज्वारीचं पीठ 200 ग्रॅम, बेसन 50, कणीक 50, किसलेला दुधी 200 ग्रॅम, मूठभर चिरलेली मेथी, दोन मोठे चमचे दही, लसूण-हिरवी मिरचीचं वाटण, तीळ, ओवा, हळद, मीठ. यात सात धपाटे होतात आणि एक चमचा तेलासह एकाचे साधारण 200 कॅलरी. तीन धपाटे आणि वाटीभर दही मिळून 700 च्या आत, पोट गच्च.

बिघडतं ते इथे. दुधी पिळून पाणी फेकलं की धपाटा कडक होतो. त्या पाण्यातच पीठ भिजवायचं, वरून पाणी जवळजवळ लागत नाही. मीठ घालून पीठ तासभर ठेवलं की दुधीला आणखी पाणी सुटतं, पीठ सैल होतं, मग हात पिठात जातो आणि प्रमाण बिघडतं. म्हणून भिजवलं की लगेच थापायला घ्यायचं. ओल्या फडक्यावर पातळ थापा, मधे बोटाने भोकं पाडा, तव्यावर टाकून पहिली बाजू झाकण ठेवून मध्यम आचेवर होऊ द्या, वाफेने मऊ राहतो. उलटल्यावर मोजलेलं चमचाभर तेल कडेने आणि भोकांत. उतरवला की फडक्यात गुंडाळा. दुधी किसण्याआधी तुकडा चाखून पाहा. कडू असेल तर अख्खा फेकून द्या, तो विषारी ठरू शकतो.

शेंगाची चटणी रोज राहिली. सपाट मोठा चमचा, 15 ग्रॅमच्या आसपास, 80 कॅलरी. त्यावर ओतलं जाणारं मोठा चमचाभर तेल मात्र 120 चं, म्हणजे चटणीपेक्षा तेलच जड. चटणी दह्यात कालवायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या दिवशी तीच आवडायला लागली.

उपवासाकडे सहसा कुणी बघत नाही. गुरुवार आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी असायची. एका ताटलीत 75 ग्रॅम कोरडा साबुदाणा, 25 ग्रॅम कूट, तीन चमचे तूप आणि बटाटा. सहज 550 च्या वर, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, दोन तासांत परत भूक. उपवास सोडायला सांगितलं नाही. 40 ग्रॅम भगर, पातळ दाण्याची आमटी, दही आणि एक फळ असं ताट केलं. भगरीचे कॅलरीही कमी नसतात, पण ती भरपूर फुलते, थोड्याच भगरीत ताट भरतं.

दुसऱ्या महिन्यात येळवस (वेळ अमावास्या, शेतात पंगत करून साजरा होणारा सण) आली आणि ताई धास्तावल्या. शेतात भज्जी, उंडे, आंबील, खीर, आणि आग्रह. त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. सकाळी उपाशी जाऊ नका. पहिल्या वाढणीत भज्जी भरपूर घ्या. डाळी, शेंगा आणि पालेभाज्यांमुळे त्या पंगतीतला तोच सर्वात चांगला पदार्थ आहे. आणि पुढचे तीन दिवस काट्यावर उभ्या राहू नका. त्या राहिल्याच. दीड किलो वाढ दिसली, रडवेला फोन आला. एका दिवसात गरजेपेक्षा 1500 कॅलरी जादा गेल्या, तरी त्यातून चरबी बनते ती फार तर 200 ग्रॅम, कारण किलोभर चरबीमागे सुमारे 7,700 कॅलरी असतात. उरलेलं सगळं पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न. चौथ्या दिवशी वजन जागेवर आलं. सणाचा दिवस वजन वाढवत नाही, पुढचे दोन-तीन दिवस शिळे उंडे आणि खीर संपवत बसणं वाढवतं. उरलेलं त्याच संध्याकाळी वाटून टाकायचं ठरवून घ्या.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी वाढतं, त्यामुळे महिन्याची तुलना पाळीनंतरच्या आठवड्याशी करायची. कंबर महिन्यातून एकदा.

सहा महिन्यांत वजन 71 वर आलं, कंबर 89. महिन्याला किलो-सव्वा किलोचा वेग अनेकांना कमी वाटतो. आम्ही याहून जास्त मागत नाही. मधे चौथ्या महिन्यात पाच आठवडे काटा हललाच नाही. परत तीन दिवसांची नोंद मागवली. तेलाची वाटी मोजणं बंद झालं होतं, आणि दोन चहा हळूच परत आले होते. शिवाय पाच किलोनं हलक्या झालेल्या शरीराला दिवसभरात लागतंही कमी. ताटातलं आणखी कमी केलं नाही. वाटी परत सुरू झाली आणि चालण्यात भर घातली: उन्हाळा असल्याने सकाळी सातच्या आत 40 मिनिटं, आणि आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, 12 वेळा, तीन फेऱ्या. गुडघा दुखला तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवायची. तिसऱ्या आठवड्यात काटा परत उतरू लागला.

हे आकडे त्यांच्या उंची-वजनाचे आहेत, जसेच्या तसे उचलू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवायच्या मागे लागू नये. आणि कुणी चोरून भरमसाट खाऊन नंतर ओकारी काढत असेल, तर त्या माणसाला मोजमापाची वाटी देऊ नका. त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.