'सहयोगी', 'फितूर' की 'मिंधी'?

प्रश्न असा आला आहे: झेर्मेन ल्युबँ या फ्रेंच ऑपेरागायिकेवरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे. जर्मनांनी फ्रान्स व्यापला त्या काळातल्या वागण्याबद्दल तिला 'कोलॅबोरेटर' म्हटलंय. 'सहयोगी' मिळमिळीत वाटतं, 'देशद्रोही' फार जहाल. 'फितूर' चालेल का?

'सहयोगी' नकोच. आपल्याकडे सहयोगी प्राध्यापक असतात, सहयोगी संपादक असतात. त्या शब्दाला डाग नाही. फ्रेंच शब्दही मूळचा असाच स्वच्छ होता. ऑक्टोबर 1940 मध्ये हिटलरला भेटून आल्यावर फ्रान्सचा तेव्हाचा सत्ताप्रमुख मार्शल पेतँ यानं रेडिओवरून सहकार्याची वाट धरल्याचं जाहीर केलं, आणि चार वर्षांत त्या शब्दाची शिवी झाली. मराठीतल्या 'सहयोगी'वर ही वेळ आली नाही, म्हणून तो अर्थ त्याला पेलत नाही.

'फितूर' जोरकस आहे, पण फितुरीत चोरून फुटणं येतं. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा फितूर, पढवलेला जबाब कोर्टात फिरवणारा साक्षीदारही फितूर. ल्युबँनं चोरून काही केलं नाही. मे 1941 मध्ये बर्लिनची ऑपेरा मंडळी पॅरिसला आली, संगीतसंचालक कारायान वाद्यवृंदापुढे उभा होता, आणि ल्युबँ पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर सगळ्यांदेखत वाग्नरच्या 'ट्रिस्टन आणि इझोल्ड' ऑपेरातली इझोल्डची भूमिका जर्मनमध्ये गायली. याला मी 'शत्रूशी हातमिळवणी' म्हणेन. हातमिळवणी उजेडात होते, आणि तिच्यात दोन्ही हात पुढे आलेले असतात.

आता दुसरा शब्द, जो मला फार मोलाचा वाटतो: 'मिंधी'. तिचा मुलगा युद्धकैदी होता आणि जर्मन ओळखीपाळखीतून सुटला. अडल्या वेळी एखाद्याच्या घरून दोन पोती जोंधळे आणले, की चावडीवर त्याच्याविरुद्ध तोंड उघडत नाही, ते मिंधेपण. हल्ली राजकीय भाषणांत हा शब्द दगडासारखा भिरकावला जातो, पण उपकाराखाली मान वाकलेल्या माणसासाठी इतका नेमका शब्द आपल्याकडे दुसरा नाही. फक्त सगळ्या लेखाला तो लावू नका. जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात ती 1939 मध्ये, युद्धाआधीच, इझोल्ड गायली होती आणि हिटलरचं कौतुक तिला तेव्हाच मिळालं होतं. तिथं ती कुणाची मिंधी नव्हती, आपल्या पायांनी गेली होती.

फ्रान्स जर्मनांच्या ताब्यातून सुटल्यावर तिला अटक झाली, खटला चालला. त्या शिक्षेला 'राष्ट्रीय अवनती' असा शब्दशः प्रतिशब्द देऊ नका, वाचकाला काही कळणार नाही. 'वाळीत टाकलं' लिहायचा मोह होईल, पण वाळीत गाव टाकतं, हे कोर्टानं केलं. सरळ लिहा: नागरी हक्क आजन्म काढून घेतले, पुढे ती मुदत पाच वर्षांवर आणली.

लेखात किर्स्टन फ्लागस्टाड या नॉर्वेच्या ऑपेरागायिकेचाही उल्लेख असेल, तर तिला यातला कुठलाच शब्द चिकटवू नका. ती 1941 मध्ये अमेरिकेतून नॉर्वेला नवऱ्याकडे परतली. नवरा लाकडाचा व्यापारी, जर्मनांना साथ देणाऱ्या क्विसलिंग या नॉर्वेच्या पुढाऱ्याच्या पक्षाचा सभासद. (या क्विसलिंगचं नावच पुढे देशद्रोह्यासाठी सामान्यनाम झालं, आपल्या सूर्याजी पिसाळासारखं.) युद्धानंतर अमेरिकेत तिच्या कार्यक्रमांबाहेर निदर्शनं झाली. पण व्यापलेल्या नॉर्वेत ती जाहीर गायली नव्हती, आणि तुमच्या भाषांतरात तेवढं वाक्य तसंच्या तसं यायला हवं.