बिघडल्यावर ते कुठल्या बाजूला पडतं, ते आधी विचारा

प्रश्न असा आहे: "मेट्रो गाड्यांत जुन्या, साध्या मेकॅनिकल सुरक्षा यंत्रणा इलेक्ट्रॉनिकपेक्षा जास्त भरवशाच्या असतात का?"

नाही. एवढ्यावर थांबलो असतो, पण हाच वाद माझा धाकटा मेव्हणा दर सणाला माझ्याशी घालतो. त्याची मुलगी पुण्यात रोज वनाझहून मेट्रोने जाते, आणि हा इथे सोलापुरात बसून काळजी करतो. "दाजी, लोखंड ते लोखंड. ते दिसतं, हाताला लागतं. कॉम्प्युटरचं काय, कधी झोपेल सांगता येतं का?" मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म काढला, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझं जेवण तिथेच थांबतं.

त्याचे अक्कलकोट रोडला यंत्रमाग आहेत. काही जुने, काही नंतर घेतलेले. एका खंडेनवमीला पूजेला गेलो तर स्वारी भडकलेली. नव्या मागावर चादरीचा आख्खा पट्टा वाया गेला होता. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला तरी माग थांबला नाही, आणि कापडात लांबच लांब रेघ उमटली. मला बघताच सुरू: "बघा तुमचं इलेक्ट्रॉनिक! बापाच्या जुन्या मागावर असं कधी झालं नाही."

मी हार-फुलं बाजूला सारून वॉर्प स्टॉपची, म्हणजे उभा धागा तुटला की माग थांबवणारी पट्टी उघडली. वरच्या झाकणाला हळदकुंकू, आत कापसाची धूळ खच्चून भरलेली. या मागात प्रत्येक धाग्यावर एक ड्रॉप पिन लटकते. धागा तुटला की पिन खाली पडते, पट्टीतले दोन पत्रे जोडले जातात, करंट वाहतो आणि माग थांबतो. पिन पडली होती, बिचारीने तिचं काम केलं होतं. पण धुळीमुळे पत्र्याला टेकलीच नाही. करंट नाही, म्हणून थांबणं नाही. जुन्या मागात दातेरी पट्टी सतत पुढे-मागे हलत असते, पडलेली पिन दातांत अडकते आणि माग बंद पडतो. म्हणून मेव्हण्याचा निष्कर्ष: लोखंड जिंकलं.

मी त्याला त्याच मागाचा वेफ्ट फोर्क दाखवला. आडवा धागा जागेवर असेल तर तो फोर्कला ढकलून उचलतो, आकडा चुकतो आणि माग चालू राहतो. धागा नसेल तर फोर्क तसाच राहतो, आकड्यात अडकतो, माग बंद. म्हणजे धाग्याने "मी आहे" असं पुन्हा पुन्हा सिद्ध करायचं, तरच चालायची परवानगी. नव्या मागाच्या वॉर्प स्टॉपचं उलटं आहे. तिथे "तुटलं" हे सांगायला करंट लागतो, आणि सांगणाऱ्याचंच तोंड दाबलं गेलं तर सगळं आलबेल समजायचं. रेल्वेत असली रचना कोणी मांडली असती तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

आमच्याकडे खांबावरच्या जुन्या लोखंडी हाताच्या सिग्नलची तार तुटली की हात स्वतःच्या वजनाने धोक्याच्या स्थितीत जायचा. ट्रॅक सर्किट ही 1872 सालची कल्पना आणि ती चक्क विजेची. रुळांतून करंट वाहतोय तोवरच रस्ता मोकळा. गाडी आली, रूळ तुटला, वायर निखळली, बॅटरी संपली, काहीही झालं तरी रिले, म्हणजे करंटने उचलून धरलेला स्विच, गुरुत्वाकर्षणाने पडतो आणि सिग्नल लाल होतो. त्या रिलेचे संपर्क धातू-कार्बनचे ठेवतात, म्हणजे ठिणगीने एकमेकांना चिकटून बसत नाहीत. इतका विचार केलेला असतो. लाल सिग्नल पाहून प्रवासी म्हणतात "सिग्नल फेल झाला". अहो, तो पास झाला!

आता मेट्रो. लंडन आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत रुळाशेजारी एक लोखंडी हात असतो. सिग्नल लाल असला की तो उभा राहतो आणि गाडी पुढे घुसलीच तर तिच्या खालच्या ट्रिपकॉकला, म्हणजे ब्रेकच्या खटक्याला, ठोकर देऊन इमर्जन्सी ब्रेक लावतो. लंडनमध्ये हा हात हवेच्या दाबाने खाली धरून ठेवतात. हवा गेली की स्प्रिंग त्याला वर उभा करते. बिघडला तरी थांबवण्याच्याच बाजूला. मला मनापासून आवडणारं यंत्र.

पण ते आंधळं आहे. सिग्नलपाशी ठोकर देण्यापलीकडे त्याला काही कळत नाही. 5 जून 1995 ला न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एक गाडी लाल सिग्नल ओलांडून गेली. हाताने ठोकर दिली, ब्रेक लागले, तरी ती पुढच्या उभ्या गाडीवर आदळली आणि मोटरमन गेला. सिग्नलांमधलं अंतर कैक दशकांपूर्वीच्या गाड्यांच्या हिशोबाने ठेवलेलं होतं. लोखंडाने चोख काम केलं, अंतर कमी पडलं. दीड-दोन मिनिटांना गाडी सोडायची तर गाडीचा वेग आणि पुढचं अंतर सतत मोजावंच लागतं, आणि ते काम लोखंडाचं नव्हे. पुण्यात सीबीटीसी, म्हणजे रेडिओवरून गाड्या सांभाळणारी संगणकी यंत्रणा आहे. गाडी आपली जागा रेडिओवरून सांगत राहते, कुठपर्यंत जायचं याची परवानगी तिला मिळत राहते, आणि रेडिओ तुटला की ब्रेक लागतो. आत एकापेक्षा जास्त संगणक तोच हिशोब करतात. उत्तरं जुळली नाहीत तर गाडी थांबते. थोडक्यात, वेफ्ट फोर्कचीच अक्कल.

इलेक्ट्रॉनिक्स निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. 22 जून 2009 ला वॉशिंग्टनच्या फोर्ट टॉटनजवळ उभी गाडी ट्रॅक सर्किटला दिसलीच नाही. एक खोटा सिग्नल रुळांना वळसा घालून रिसीव्हरपर्यंत पोचत होता, यंत्रणेला ट्रॅक रिकामा वाटला, आणि नऊ जण मेले. विजेची यंत्रणा चुकीच्या बाजूला पडते ती अशी. मेव्हण्याने हे उदाहरण दिलं असतं तर मी गप्प ऐकलं असतं, पण तो कायम चादरच पुढे करतो.

आणि माणसाचं काय? 27 सप्टेंबर 2011 ला शांघायच्या दहा क्रमांकाच्या लाइनवर सिग्नलची वीज गेली, फोनवरून गाड्या सोडल्या, आणि एक दुसरीवर आदळली. अडीचशेहून जास्त जखमी. यंत्रणा बंद असताना "चालवा कसंतरी" म्हणतात, तेव्हा खरी भीती असते. मेव्हण्याच्या शेडमध्येही मी हेच पाहिलंय. मजुरी विणलेल्या कापडाच्या मिटरवर, त्यामुळे माग सारखा थांबला की कारागीर वॉर्प स्टॉपचा स्विचच बंद करून टाकतात. जुन्या मागावर तर ड्रॉप पिनांना दोरी बांधलेली मी स्वतः सोडली आहे, लोखंडालाही दोरी बांधता येते.

एक सांगायचं राहिलं: मी मेन लाइनचा माणूस, मेट्रोत नोकरी केलेली नाही. आणि ट्रिपकॉकला रोज तपासणी लागते. ती न करणाऱ्या ठिकाणी तोही शोभेचाच.

त्यामुळे पुढच्या वेळी कुठल्याही यंत्रणेबद्दल तीन गोष्टी विचारा: वीज गेली तर काय होतं, वायर तुटली तर काय होतं, आणि बायपासची, म्हणजे यंत्रणा बंद ठेवून चालवायची, किल्ली कोणाकडे असते. लोखंड की चिप, हे नंतर. हे उत्तर मेव्हण्यालाही पाठवतोय. पोरीला मेट्रोने जाऊ दे. आणि मागावरची पट्टी दर पाळीला ब्रशने साफ करायची, वॉर्प स्टॉपच्या स्विचला कुलूप लावायचं, आणि किल्ली जॉबरकडे, म्हणजे माग लावणाऱ्या मुकादमाकडे द्यायची नाही.