‘एकटं वाटतं का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं

देवगड तालुक्यातली टीवायबीए मानसशास्त्राची विद्यार्थिनी लिहिते : वाडीत बहुतेक घरांत म्हातारी माणसंच उरलीत. प्रकल्पासाठी १८ जणांना ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ असं विचारलं, १६ जण ‘नाही’ म्हणाले. मला यातच संशोधन करायचंय. बाबा विचारतात, नोकरी कुठली?

ते १६ नकार वाया गेलेले नाहीत. शेजारीण पडवीत बसलेली असताना ‘एकटं वाटतं’ म्हणणं म्हणजे मुंबईच्या लेकाला नावं ठेवणं. कुठली आजी तसं म्हणेल? म्हणून मुलाखत एकांतात घ्यायची आणि थेट शब्द टाळायचा. एकटेपणा मोजणाऱ्या यूसीएलए मोजपट्टीचं तीन प्रश्नांचं रूप २००४ साली आलं, त्यात तो शब्दच नाही. सोबतीची उणीव, वगळल्यासारखं वाटणं, इतरांपासून तुटल्यासारखं वाटणं हे किती वेळा होतं, एवढंच विचारतात. क्वचित १ गुण, कधीकधी २, वारंवार ३. बेरीज ३ ते ९.

मराठीत आणताना एकीने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसरीने ते परत इंग्रजीत न्यावं. मग मालवणी बोलणाऱ्या आठ-दहा वृद्धांना ‘यातून काय समजलं?’ असं विचार. ‘सोबत’ म्हणजे रात्री झोपायला येणारी शेजारची पोर, असा अर्थ कुणी घेतला तर शब्द बदल.

पुढे एकटेपणा कमी करणाऱ्या एखाद्या उपक्रमाचा परिणाम मोजशील, तेव्हा खरी फसगत होते. जूनमध्ये पहिली मोजणी, दर आठवड्याला देवळात बैठक आणि गणपतीत दुसरी मोजणी. आकडे सुधारतील, पण बैठकीमुळे की चाकरमानी आले म्हणून? यासाठी बैठक नसलेल्या वाड्यांतही त्याच आठवड्यात मोजावं लागतं. दोन वाड्यांत २०० माणसं विचारण्यापेक्षा २० वाड्यांत दहा-दहा बरी, कारण एका वाडीची एसटी एक, देऊळ एक, भांडणंही तीच, म्हणून उत्तरंही सारखी. हजेरीही लिही. ज्यांना बैठकीची सर्वांत गरज, त्यांनाच गुडघ्यांमुळे पाखाडी चढवत नाही.

कॉलेजच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची संमती आधी घे. कुणी ‘जगून काय करू’ म्हणालं तर फॉर्म बाजूला ठेवून ऐकायचं, विश्वासातल्या माणसाला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ जोडून द्यायचा. ही तयारी नसेल तर मुलाखतीला जाऊच नकोस.

शिक्षणाचं म्हणशील तर सार्वजनिक आरोग्यात दोन वर्षांची एमपीएच ही पदव्युत्तर पदवी कर. काही संस्थांत वैद्यकीय पदवीच लागते, तेव्हा पात्रता आधी वाच. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे, देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्थाही आहे. दुसरीनेच २०१७-१८ साली ‘लासी’ हे ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक जणांचं सर्वेक्षण केलं. त्याची माहिती अभ्यासासाठी मागता येते. तोवर कोबोटूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या साधनावर फॉर्म बनवायला आणि ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं विश्लेषण करायला शीक. दोन्ही फुकट आहेत.

बाबांना खरं सांग. सुरुवात क्षेत्र-अन्वेषक (लोकांना भेटून माहिती गोळा करणारी) किंवा संशोधन सहायक म्हणून होते, नोकरी बहुधा प्रकल्पापुरती, कंत्राटी असते आणि मुंबई-पुण्यात राहावं लागतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दर सहांतला एक माणूस एकटेपणाने ग्रासलाय असं नोंदवलं, तेव्हा विषय आता कोपऱ्यातला राहिलेला नाही. मालवणीत बोलून मोजता येणारी माणसं मात्र फार थोडी आहेत. अर्जात हे पहिल्या ओळीत लिही.