टीव्हीवरचा मारिओ उडी उशिरा का मारतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे. लहानपणचे मारिओ, कॉन्ट्रा आणि बंदुकीने बदकं मारायचा गेम त्यावर खेळायचे आहेत. एक इम्युलेटर (जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणारं ॲप) टाकून पाहिला, पण मारिओ उडी उशिरा मारतो, मजा येत नाही. मग वेगळा कन्सोल घ्यावा का?

घेऊ नका, निदान इतक्यात तरी. आपण ज्याच्या नकला ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ म्हणून खेळलो ते मूळ जपानी यंत्र, फॅमिकॉम, १९८३ सालचं. प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. स्वस्तातल्या स्वस्त स्मार्ट टीव्हीची चिपसुद्धा एवढं काम झोपेत करेल. अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटचा आहे, मामांनी सकाळी पाठवलेला सुप्रभातचा फोटो त्याहून जड असतो. तेव्हा टीव्हीची ताकद कमी पडतेय हा संशय आधी काढून टाका. घोळ आहे तो टीव्ही चित्राला जी पावडर-लाली करत बसतो त्यात.

मागच्या दिवाळीत दादा घरी आला होता. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांनी पुढच्या खोलीत दोन टीव्ही मांडले होते, तासाला पाच रुपये. दादा तिथला हिरो. पाच रुपयांत मारिओ संपवून वर उरलेल्या वेळात दुसऱ्यांना चिडवायचा. त्याला माझ्या नव्या टीव्हीवर बसवला तर पठ्ठ्या पहिल्याच लेव्हलच्या पहिल्या खड्ड्यात. एकदा नाही, सलग तीनदा. मग पॅड खाली ठेवून म्हणाला, “हात गेले रे माझे.”

हात कुठेही गेले नव्हते. हिशोब करून बघा. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद. टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. आधी त्यातली खरखर काढतो, कडा कोरतो, दोन चित्रांच्या मधलं एक स्वतःच्या मनाने बनवून घुसवतो आणि मग दाखवतो. हे सगळं चालू असलं की उशीर शंभर मिलिसेकंदांच्या घरात सहज जातो. म्हणजे सहा चित्रं. पूर्ण वेगात पळणारा मारिओ दर चित्राला अडीच ठिपके पुढे सरकतो. सहा गुणिले अडीच, पंधरा ठिपके. एक वीट सोळा ठिपक्यांची असते. तुम्ही खड्ड्याच्या काठावर बटण दाबता तेव्हा गेमच्या हिशोबाने मारिओ जवळपास एक वीट पुढे, म्हणजे हवेत असतो. जुन्या खोक्याच्या टीव्हीत ही भानगडच नव्हती, सिग्नल आला की तो तसाच काचेवर उमटायचा.

उपाय पैशाचा नाही, सेटिंगचा आहे. इम्युलेटर चालू असतानाच टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जा आणि ‘गेम’ मोड लावा. चित्र थोडं फिकं वाटेल, वाटू दे. काही टीव्हींत मात्र हा मोड फक्त एचडीएमआयला मिळतो, टीव्हीच्या आतल्या ॲपला मिळत नाही. तसं असेल तर मोशन स्मूदिंग (काही कंपन्या एमईएमसी म्हणतात), नॉइज रिडक्शन, शार्पनेसचे लाड असं दिसेल ते एकेक बंद करा. आणि ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर काढा. त्याचा आवाज मागून येतो आणि कान हाताला फसवतात. दादाला मी एवढंच करून दिलं. पुढच्या डावात तो चौथ्या जगापर्यंत गेला आणि मग मला चहा करायला पिटाळलं.

ॲपचं म्हणाल तर जाहिराती फेकणारं जे काही टाकलं असेल ते उडवा आणि रेट्रोआर्च घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, जाहिराती नाहीत. मेनू पहिल्यांदा बघताना सरकारी फॉर्म भरतोय असं वाटतं, पण एकदा बसलं की बसलं. वेबसाइटवरून एपीके (ॲपची इन्स्टॉल करायची फाइल) उतरवत असाल तर ३२-बिट आवृत्ती घ्या. बऱ्याच टीव्हींची चिप ६४-बिट असते पण वरची अँड्रॉइड ३२-बिटच टाकलेली असते, आणि लोक ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ बघत डोकं धरून बसतात. रेट्रोआर्च हा नुसता सांगाडा, प्रत्येक यंत्रासाठी आत वेगळा ‘कोअर’ उतरवावा लागतो. फॅमिकॉमसाठी एफसीईयूएमएम किंवा नेस्टोपिया, सेगाच्या १६-बिट यंत्रासाठी जेनेसिस प्लस जीएक्स, पहिल्या प्लेस्टेशनसाठी पीसीएसएक्स रीआर्म्ड. पेनड्राइव्ह दिसत नसेल तर भांडत बसू नका, फाइल मॅनेजरने गेम टीव्हीच्या डाउनलोड फोल्डरमध्ये कॉपी करा.

रेट्रोआर्चमधल्या दोन सेटिंगना हात लावाच. एक, ‘रन-अहेड’ चालू करून १ ठेवा. गेम बटण वाचून हलायला स्वतःहून जो एका चित्राचा वेळ घेतो तो हे गिळून टाकतं. ३-४ केलंत तर पात्रं उड्या मारत सरकल्यासारखी दिसतात. दुसरं, ॲस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ४:३. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील आणि घरातलं कुणीतरी ‘फुल स्क्रीन कर की’ म्हणेलच. करू नका, मारिओ लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखा दिसतो.

उडी जमल्यावर दादाने अजून एक तक्रार काढली: “गाणं घाईत वाजतंय.” मला आधी हसू आलं, पण त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला पन्नास चित्रांचे. त्यामुळे इकडे विकली जाणारी नकली यंत्रंही बहुतेक पन्नासवर चालायची, गेम मात्र साठसाठी लिहिलेले. म्हणजे आपण ज्याच्यावर वाढलो तो मारिओ मुळापेक्षा सहाव्या हिश्श्याने सुस्त होता, आणि त्याचं संगीतही. आज इम्युलेटर खरा वेग दाखवतो तर आपल्यालाच तो पळतोय असं वाटतं! तो जुना संथ वेगच हवा असेल तर एफसीईयूएमएमच्या पर्यायांत रीजन ‘डेंडी’ करा (डेंडी म्हणजे १९९२ मध्ये रशियात निघालेली अशीच नक्कल). पण तुमचा पडदा साठने चालत असेल तर पन्नासचा गेम त्यावर हिसके देत सरकतो. मी दोन दिवस डेंडीवर खेळलो, डोळे भरून आले ते आठवणींनी की हिसक्यांनी ते कळेना, शेवटी साठवर परत आलो.

टीव्हीच्या रिमोटने खेळायचा प्रयत्न करू नका. बहुतेक रिमोट एका वेळी एकच बटण पाठवतात, आणि मारिओत पळण्याचं बटण दाबून धरूनच उडी मारायची असते. साधं यूएसबी वायरचं पॅड घ्या, दोघांना कॉन्ट्रा खेळायचा असेल तर दोन. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर घरात असेल तर शेअर आणि पीएस बटण एकत्र दाबून धरलं की तो ब्लूटूथवर दिसतो. आता इथे एक बारीक खुसपट आहे. जुन्या पॅडवर बी डावीकडे आणि ए उजवीकडे, एकाच ओळीत. आपण अंगठ्याच्या टोकाने बी दाबून ठेवायचो आणि तोच अंगठा जरासा आडवा केला की त्याच्या पेराने ए दाबला जायचा. पळताना उडी ती अशी. रेट्रोआर्च मुळात बी खालच्या बटणावर आणि ए उजव्या बटणावर ठेवतो, त्यामुळे अंगठा अवघडतो. कंट्रोल्समध्ये जाऊन बी डाव्या बटणावर आणि ए खालच्या बटणावर आणा आणि रीमॅप सेव्ह करा. हे केल्यावर बोटांना जे आठवतं ते डोक्यालाही आठवत नव्हतं, असा माझा अनुभव.

पॅड नीट लागलं का हे तपासायला कॉन्ट्राच्या पहिल्या स्क्रीनवर तीस जिवांचा मंत्र म्हणा: वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. चारही दिशा आणि दोन्ही बटणं त्यात येतात. हा मंत्र कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी १९८६ च्या ‘ग्रेडियस’साठी घातला होता, कारण तपासताना त्यांनाच तो गेम झेपत नव्हता.

गेम कुठून आणायचे हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. इम्युलेटर वापरण्यात गैर काही नाही. गेमच्या फाइली मात्र कॉपीराइटच्या आहेत, आणि १९८५ चा गेम असला तरी ती मुदत इतक्यात संपत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कायदेशीरपणे जवळ असलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत करायला मुभा आहे. पण माळ्यावरची ‘९९९९ इन १’ कॅसेट दाखवून ती मुभा मागता येणार नाही, कारण ती कॅसेटच मुळात चोरीची होती. (आणि त्यात गेम पंधरा-वीसच होते, बाकीचे तेच पुन्हा वेगळ्या नावाने.) म्हणून लिंक देत नाही. सरळ मार्गाने हवं असेल तर कोनामीने २०१९ मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र करून पीसी आणि कन्सोलसाठी विकायला काढले आहेत. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला लावला की झालं. आणि याच जुन्या यंत्रासाठी लोक अजून नवे गेम लिहितात. ‘मायक्रो मेजेस’ २०१९ चा आहे, चौघांना एकत्र खेळता येतो आणि मारिओसारखाच ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. पैसे देऊन त्याची फाइल मिळते. ‘नोव्हा द स्क्विरल’ तर फुकटच. माझ्या पुतणीला मारिओपेक्षा हेच आवडतात. तिला मारिओशी नातं जोडायला कारणच नाही ना.

‘दहा हजार गेम’ लिहिलेल्या त्या एचडीएमआय काड्या ऑनलाइन दिसतील. मी अठराशे रुपयांना एक घेतली होती. चार महिन्यांत आतलं मेमरी कार्ड गेलं, पॅडची वरची दिशा त्याआधीच. विकणाऱ्याने ‘सर, दुसरं कार्ड टाका’ एवढंच सांगितलं, त्यात काय टाकायचं ते सांगितलं नाही.

राहिला बंदुकीचा गेम. तो या टीव्हीवर जुन्या बंदुकीने होणार नाही, कितीही सेटिंग करा. त्या बंदुकीतून काही निघत नसे, ती फक्त बघायची. घोडा दाबला की गेम एका चित्रापुरता सगळा पडदा काळा करायचा आणि लगेच पुढे बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढायचा. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला आधी अंधार आणि नेमक्या त्याच क्षणी उजेड दिसला तर बदक पडलं. तुमचा टीव्ही तो चौकोन काही चित्रं उशिरा दाखवतो, तोवर गेमने ‘नेम चुकला’ म्हणून टाकलेलं असतं. शिवाय त्या डोळ्याला खोक्याच्या टीव्हीचा ओळीओळीने लुकलुकणारा प्रकाशच ओळखता येतो, एलईडीचा स्थिर उजेड त्याच्या लेखी बल्बच. इम्युलेटरमध्ये माउसने बदकं मारता येतात, पण सोफ्यावर बसून माउसने शिकार म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. गावाकडे जुना खोक्याचा टीव्ही अजून चालू असेल आणि पिवळी-पांढरी वायर लागत असेल, तर तो भंगारात देऊ नका. बंदूक आणि जुनं यंत्र त्यालाच लावा. आमचा गेल्या वर्षी किलोच्या भावाने गेला, आणि बंदूक अजून कपाटात आहे.